ऑप्शन फॉर्म भरण्याआधीची यादी

निकाल लागला की सोलापुरातल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. पुण्याला पाठवायचं की इथेच वालचंदला घालायचं? कॉम्प्युटर की मेकॅनिकल? नीटसाठी आणखी एक वर्ष द्यायचं का? पर्सेंटाइल, कटऑफ, फी, हॉस्टेल यांची आकडेमोड रात्री उशिरापर्यंत चालते. या निवडीत आपण काय सोडायला तयार आहोत आणि काय कधीच सोडणार नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

मूल्यं सगळ्यांकडे असतात. प्रामाणिकपणा, कुटुंब, समाजसेवा हे शब्द मुलाखतीत कोणीही सांगेल. पण दोन चांगल्या गोष्टींतली एकच घेता येते, तेव्हा आपलं खरं मूल्य कळतं.

सोलापूरचे दोघे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. वडील वारल्याची बातमी त्यांना तिथेच मिळाली. परतायची मुभा असूनही ते राहिले. चिनी भाषा शिकले, कारण त्याशिवाय रुग्णांशी बोलणं आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवणं शक्य नव्हतं. पुढे ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेले.

प्रत्येकाने असंच करावं, असं कोणी म्हणणार नाही. त्यांच्या निर्णयाची किंमत घरच्यांनीही मोजली. आपल्या कामाचं एक लक्षात घ्यावं: जखमींची सेवा हे मूल्य एकदा ठरल्यावर कुठे राहायचं, काय शिकायचं, काय लांबणीवर टाकायचं, हे पुढचे निर्णय त्यातूनच झाले.

दुसरं उदाहरण अलीकडचं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून काम केलेले रणजितसिंह डिसले आधी इंजिनिअरिंगला गेले होते. ते जमलं नाही, म्हणून डी.एड. केलं. आपल्याकडे याला सरळ ‘गाडी रुळावरून घसरली’ म्हणतात. पण मुलांना शिकता आलं पाहिजे हे ध्येय पक्कं झाल्यावर त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शाखा बदलली तरी माणूस वाया जात नाही, हे पालकांनी यातून घ्यावं.

विद्यार्थ्यांसाठी: तीन ओळी लिहा

१. गेल्या वर्षभरात कोणी न सांगता तुम्ही कशासाठी वेळ, झोप किंवा पैसे खर्च केले? कल तिथे दिसतो.

२. मोठ्या शब्दाऐवजी वागणूक लिहा. ‘प्रामाणिकपणा’ असं मोघम नको. ‘क्लासमध्ये मागे पडलो तर घरी लपवणार नाही’ असं लिहा. ‘कुटुंब’ असं नको. ‘महिन्यातून एकदा तरी घरी येता येईल अशीच नोकरी’ असं लिहा.

३. मग क्रम लावा. स्थैर्य आणि स्वातंत्र्य दोन्ही हवं असेल, तर आधी कोणतं? पगार जास्त पण काम पटत नाही, अशी नोकरी किती वर्षं कराल? उत्तर ‘दोन वर्षं, घरचं कर्ज फिटेपर्यंत’ असंही असू शकतं. तेही स्पष्ट मूल्यच आहे, त्यात लाज नाही.

पालकांसाठी

तुमचीही यादी वेगळ्या कागदावर करा. मुलाने काय व्हावं ते नको. आयुष्यात तुम्हाला कशाची भीती वाटते ते लिहा. गिरणी बंद पडल्यावर घराचे झालेले हाल ज्यांनी पाहिले, त्यांना सरकारी नोकरीचं मोल जास्त वाटणारच. ती भीती मुलाला मोकळेपणाने सांगितलीत, तर तो ऐकेल. ‘स्कोप नाही’ म्हणून झाकलीत, तर वाद होईल. पैशाची मर्यादाही आकड्यात सांगा. कर्ज किती काढता येईल हे कळलं, की मूल त्या चौकटीत विचार करू लागतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे जुळतं तिथे पसंतीक्रम आपोआप लागेल. जुळत नसेल, तिथे एखाद्या वर्षाची मुदत ठरवून मुलाचा मार्ग आजमावा आणि मुदत संपल्यावर पुन्हा बसा.

कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) पहिला पर्याय मिळाला की जागा ऑटो-फ्रीज होते, म्हणजे पुढच्या फेरीत ती बदलता येत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचा क्रम उतरवू नका. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा, जे मिळाल्यावर घरात कोणालाही ‘आता काय करायचं?’ असं म्हणावं लागणार नाही.