काल या टाकीत काय होतं?

सिल्लोड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी फवारणीचे दोन पंप आहेत. निळा कीटकनाशकाचा, पिवळा तणनाशकाचा. पिवळ्यावर ऑइलपेंटने मोठी फुली मारलेली आहे आणि तो गोठ्यामागच्या भिंतीला वेगळ्या खुंटीवर टांगलेला असतो. फुलीचा पंप कपाशीच्या वावरात न्यायचा नाही, हे सालगड्यालाही पाठ आहे. बावीस वर्षं हा नियम पाळला गेला. मोडला तो गेल्या जुलैत, आणि तोही पाठीवरच्या पंपाने नाही, ड्रोनने.

तो शेतकरी म्हणजे ही हकीकत लिहिणाराच. ‘मी’ म्हणून लिहायला बसलं की राग आधी येतो आणि मुद्दा मागे पडतो, म्हणून ती तिसऱ्या कुणाची असावी तशी सांगितली आहे.

ड्रोनला त्याचा विरोध कधीच नव्हता, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. छातीइतक्या उंच पऱ्हाटीत उभं राहून अंगावर औषध घेणारी ती माणसं होती. माणूस बांधावर उभा आणि औषध पिकावर, असं यंत्र आलं तर त्याला नको कोण म्हणेल? शिवाय मजूर मिळत नाहीत. गेल्या जुलैत कपाशी चाळीस दिवसांची, तुडतुडे आणि फुलकिडे वाढलेले, पावसाने दोन दिवसांची उघडीप दिलेली. चार एकरांना पाठीवरच्या पंपाने दोन माणसं पूर्ण दिवस लागली असती, आणि माणसं नव्हती. ड्रोनवाल्याने एकरी 500 रुपये सांगितले. सौदा लगेच ठरला.

त्याने विचारपूसही केली होती. फ्लोनिकॅमिड एकरी 60 ग्रॅम. ‘पंपाला किती’ हा हिशेब ड्रोनला चालत नाही, पाणी 200 लिटरवरून 10 लिटरवर आलं तरी एकराची मात्रा तीच ठेवायची, हे त्याला माहीत होतं. ड्रोनवाला म्हणाला, “काका, तुम्हाला तर सगळंच माहिती आहे.” त्या कौतुकाने पुढचे प्रश्न राहून गेले.

सहा हातांचं यंत्र पिकअपमधून उतरलं, तशी वस्तीवरची पोरं जमली. मदतनीस पोरगा टाकीत पाणी ओतत होता. झाकण उघडलं तेव्हा एक उग्र वास आला. डॉक्टरांकडच्या फिनेलसारखा, पण त्याहून तिखट. पिवळ्या पंपाला येतो तोच. शेतकऱ्याने विचारलं, “काय मारलं होतं रे यात?” पोरगा सहज बोलून गेला, “काल मक्यावर होतो, काका.” तेवढ्यात ड्रोनवाल्याने आवाज दिला, “टाकी हिसळून घेतलीय, बिनधास्त राहा.” पंखे सुरू झाले, पोरं ओरडली, आणि एक एकर दहा मिनिटांच्या आत झालं.

सहाव्या दिवशी सकाळी तो वावरात गेला.

रस्त्याच्या बाजूने शिरताना पहिल्यांदा वाटलं, कुणी मध्येच भेंडी लावली की काय. कपाशीचं रुंद पान जाऊन त्या जागी हाताच्या बोटांसारखी अरुंद, चिरलेली पानं. शिरा पांढुरक्या आणि एकमेकींजवळ ओढलेल्या. शेंडे पिळलेले, कोवळे देठ वाकलेले, पाते गळून सरीत पडलेले. कपाशी करणाऱ्याला हे चित्र ओळखायला पुस्तक लागत नाही. टू-फोर-डी. मक्यात रुंद पानांचं तण मारायला हे तणनाशक वापरतात, आणि कपाशीही रुंद पानांचीच. झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखं ते वागतं, म्हणून पान जळत नाही. ते वेड्यासारखं, भलत्या आकारात वाढतं. पिठात मीठ जास्त झालं की चवीत कळतं, तसं हे पानात कळतं, फक्त सहा दिवस उशिरा.

फोनवर ड्रोनवाल्याचं पहिलं उत्तर आलं, “कोकडा आहे काका, फुलकिड्यांमुळे.” कोकड्यात पान आत वळतं; त्याची बोटं होत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरं उत्तर, “शेजारच्या मक्यावरून उडून आलं असेल.” तिसऱ्या दिवशी, “हवामान खराब आहे, सगळीकडेच असं आहे.” चौथ्या दिवसापासून फोन लागेना. एका माणसाने एकाच पानाची तीन कारणं दिली आणि एकदाही येऊन पाहिलं नाही, हे आजही पचत नाही. चूक कुणाच्याही हातून होते. ती झाकायला शेतकऱ्याच्याच डोळ्यांना खोटं ठरवणं, हे मात्र वेगळं.

शेजारच्या मक्याची गोष्ट तर वावरानेच खोडून काढली. मका पूर्वेला होता, जुलैत वारा पश्चिमेचा. आणि नुकसान पश्चिमेला, रस्त्याच्या कडेला सगळ्यात जास्त. वाऱ्याने आलेलं औषध बांधापासून आत जाताना हळूहळू विरतं, त्याची कड अस्पष्ट असते. इथे तर दोरी धरून आखावेत तसे सरळ पट्टे होते. पहिल्या टाकीतला पहिला एकर सगळा भेंडीसारखा, दुसऱ्या टाकीतला थोडा, तिसऱ्या एकरात शोधून सापडेल तेवढं, चौथा स्वच्छ. टाकी भरत गेली तसं आतलं विष धुतलं गेलं होतं, आणि धुण्याचं ते काम त्याच्या कपाशीवर झालं होतं.

थोडंसं राहिलेलं औषध एवढं कसं बाधलं, हा प्रश्न पुढे नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी गावातल्या शहाण्या माणसांनीही विचारला. त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. पाठीवरच्या पंपाने एकराचं तणनाशक 200 लिटर पाण्यात जातं. पंपाच्या तळाशी अर्धा लिटर राहिलं, तर त्यात एकराच्या मात्रेचा चारशेवा हिस्सा. ड्रोनमध्ये तेच औषध 10 लिटरमध्ये असतं. टाकी, नळ्या, गाळणी आणि नोझल मिळून अर्धा लिटर राहिलं, तर तो विसावा हिस्सा झाला. दोन लिटर पाणी टाकून एकदा हिसळलं आणि पुन्हा तेवढंच मागे राहिलं, तरी शंभरावा हिस्सा शिल्लक. कपाशी शंभराव्या हिश्श्यालाही पानं वाकडी करते. म्हणजे ‘हिसळून घेतलीय’ हे खरं धरलं तरी पुरेसं नव्हतं. तीनदा हिसळलं असतं तर अडीच हजारावा हिस्सा उरला असता. त्यातही रबराच्या नळ्यांना आणि सांध्यांना टू-फोर-डी चिकटून बसतं, म्हणून धुण्याच्या सोड्याचं किंवा अमोनियाचं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, ते नोझलमधून बाहेर काढायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं, अशी पद्धत आहे.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय कृषी मंत्रालयाने 21 डिसेंबर 2021 ला ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. तीत मान्यताप्राप्त औषधं, ठरलेली उंची आणि तीव्रता यांच्यासोबत यंत्र धुऊन विषमुक्त करण्याचाही उल्लेख आहे. एप्रिल 2023 मध्ये पीकनिहाय कार्यपद्धती आली. तीत कपाशीही आहे आणि मकाही. दोन पिकं दोन वेगवेगळ्या पानांवर छापली आहेत, पण शिवारात ती बांधाला बांध लावून उभी असतात आणि दोघांवर एकच टाकी फिरते. दुखणं नेमकं इथे आहे.

ड्रोनवाल्याने आल्या आल्या प्रमाणपत्र दाखवलं होतं आणि ते खरंही असेल. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र. पण ते यंत्र सुरक्षित उडवता येतं याचा दाखला आहे. टाकीत काय आहे हे त्यातून कळत नाही. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतल्या महिलांना पंधरा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यात पाच दिवस ड्रोन चालवण्याचे आणि दहा दिवस खतं-औषधांच्या फवारणीचे. तो दहा दिवसांचा भाग भाड्याने फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला सक्तीचा असायला हवा. दिवसाला वीस-पंचवीस एकर उरकायचे म्हणून टाकी धुवायला अर्धा तास द्यायला जो तयार नाही, त्याने दुसऱ्याच्या पिकावर यंत्र नेऊ नये.

आता ज्यांची फवारणी व्हायची आहे त्यांच्यासाठी.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: सौदा ठरवताना विचारा, “काल आणि परवा या टाकीत काय होतं?” उत्तर मका, ऊस, गहू किंवा बांधावरचं तण असं आलं आणि तुमची कपाशी, द्राक्ष किंवा टोमॅटो असेल, तर तणनाशकाची टाकी वेगळी आहे का ते विचारा. बऱ्याच ड्रोनची टाकी निघते; दुसरी टाकी घेता येते. पण नळ्या, पंप आणि नोझल तेच राहतात, म्हणून टाकी बदलली एवढ्यावर समाधान मानू नका. शक्य असेल तर तणनाशकाला हातच न लावणारा ड्रोनवाला शोधा.

झाकण उघडून वास घ्या. वास आला तर ड्रोन परत पाठवा, पोरं कितीही जमलेली असोत.

पाणी आणि औषध भरताना शेवटपर्यंत तिथे उभे राहा. टाकी तुमच्या डोळ्यांदेखत तीनदा धुवायला लावा आणि ते पाणी विहिरीपासून, पाटापासून लांब पडीक जागेवर सोडायला सांगा. पहिली फेरी बांधावरच्या गवतावर मारायला लावली तर नळ्यांमधलं उरलेलं औषध पिकावर येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हटलं तर त्याची वृत्ती तिथेच कळते.

चार औषधं एकत्र करून ‘एकदाच होऊन जाऊ द्या’ असं करू नका. 10 लिटर पाण्यात भुकटी नीट विरघळत नाही, गाठी होतात, नोझल तुंबतात आणि एका हाताखालचा पट्टा कोरडा राहतो. आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवून पाहा. साका बसला किंवा दह्यासारखं फुटलं, तर ते टाकीत नको.

वारा असेल तर थांबा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. जनावरं बांधून ठेवा, विहीर झाका, मधमाश्या फुलांवर असतील त्या वेळी फवारणी नको. हे सगळे सांगतातच, तरी पुन्हा सांगितलेलं बरं.

बिल घ्या. या शेतकऱ्याने 2,000 रुपये रोख दिले आणि कागद मागितला नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, पंचनामा झाला, फोटो काढले गेले. पण फवारणी कुणी केली याचा कागद कुठून आणायचा? बिलावर ड्रोनचा नोंदणी क्रमांक, तारीख, औषधाचं नाव, मात्रा आणि एकर लिहून घ्या. विमा आहे का ते विचारा. नॅनो, म्हणजे अगदी लहान ड्रोन सोडून इतर ड्रोनना त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा लागतो. उड्डाणाची नोंद रिमोटच्या पडद्यावर असते, तिचा फोटो तिथल्या तिथे काढा. नुकसान दिसलं तर पट्ट्यांचे फोटो उंचावरून, झाडावर किंवा ट्रॉलीवर चढून काढा. एका पानाचा फोटो काहीच सिद्ध करत नाही, पट्टा करतो.

आणि पीक उपटायची घाई करू नका. टू-फोर-डीवर उतारा नाही. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी वाकडे शेंडे खुडायला, पाणी द्यायला आणि दोन टक्के युरिया फवारायला सांगितलं. दुसऱ्या एकरात तीन आठवड्यांनी नवी पानं सरळ आली, फक्त पहिली वेचणी लांबली. पहिल्या एकरात मात्र दिवाळीपर्यंत झाडं नुसतीच उंच झाली. इतर एकरांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही कापूस तिथे निघाला नाही.

ड्रोन त्याने सोडलेला नाही. डिसेंबरात डोक्याच्या वर गेलेल्या तुरीत माणूस शिरू शकत नाही, तेव्हा दुसऱ्या गावच्या महिला गटाचा ड्रोन आला. गटातल्या ताईंनी विचारण्याआधीच टाकीचं झाकण उघडून पुढे धरलं.

यंदाच्या जुलैत सिल्लोडहून येताना त्याला जुना पिकअप ओळखू आला. नदीपलीकडच्या मक्यावर तेच सहा हातांचं यंत्र फिरत होतं. त्याने मोटारसायकल बाजूला लावली आणि बांधावरच्या शेतकऱ्याला विचारलं, उद्याचा नंबर कुणाचा? नाव कळलं. चार एकर कपाशी. संध्याकाळी त्या घरी फोन गेला, आणि बोलणं टाकीच्या झाकणापासून सुरू झालं.