इच्छा नसताना कोण ढकलतं?



आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४१

अर्जुनाचा प्रश्न साधा आहे. माणसाची इच्छा नसते, तरी कुणीतरी जबरदस्तीने ढकलावं तसा तो पापाकडे जातो. त्याला ढकलतं कोण?

हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. पण तो जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला गेल्या वर्षी, माझ्या दादाच्या. "मला प्यायची नसते रे. सात वाजले की पाय आपोआप तिकडे वळतात." दादाने गीता कधी उघडलेली नाही. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय.)

नातेवाईक त्याला सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक ऐकवायचे, की स्वतःचा उद्धार स्वतःच करायचा असतो. श्लोक खरा, पण ऐकवण्याचा सूर "मन खंबीर कर" एवढाच. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ झाली. आळंदीला जाऊन माळही घातली. माळेने सुटलेली माणसं मी आमच्या गावात पाहिली आहेत, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. दादाचं मात्र तीन आठवडे टिकलं. आमच्या कामात सर्व्हर रोज रात्री पडायला लागला तर आम्ही त्याच्याकडून वचन घेत नाही, लॉग बघतो. माणसाच्या बाबतीत हे का सुचत नाही, कोण जाणे.

आता भगवंताचं उत्तर बघा. ते अर्जुनाला रागवत नाहीत. रजोगुणातून आलेला काम, त्याचाच क्रोध, हा तुझा वैरी आहे, त्याला ओळख, असं सांगतात. म्हणजे माणूस वेगळा आणि वैरी वेगळा. पुढे दाखले देतात ते धुराने झाकलेल्या अग्नीचे, धुळीने झाकलेल्या आरशाचे. आरसा फुटलेला नाही, झाकलाय. आणि हा वैरी कितीही घातलं तरी न भरणाऱ्या आगीसारखा आहे, म्हणून "आज थोडीच घेतो" हा हिशोब त्याच्यापुढे चालत नाही. एकेचाळिसाव्या श्लोकात सुरुवात कुठून करायची तेही येतं : आधी इंद्रियांपासून, म्हणजे शरीरापासून.

म्हणून आम्हीही आधी डॉक्टरांकडे गेलो. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. ते मनाच्या जोरावर करायचं काम नव्हे. औषधं झाल्यावर डॉक्टरच म्हणाले, आता ए. ए.ला जा.

ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. आमच्या भागातली बैठक महापालिकेच्या शाळेत, एका वर्गात भरते. दादाची भीती एकच, "कुणी ओळखीचं निघालं तर?" मी म्हटलं, "तो तरी तिथे कशाला आला असेल, दादा?" बैठक खुली होती, म्हणून मलाही बसता आलं. बंद बैठकीत फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे मुडपून बसलेली, चहा आणि बिस्किटं. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. काय ऐकलं ते लिहिणार नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. एवढंच सांगतो, की अर्जुनाचा तो प्रश्न मी त्या दीड तासात पाच-सहा वेळा ऐकला आणि कुणी हसलं नाही.

हे काम का करतं, ते सुरुवातीच्या गोष्टीत दिसतं. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्यात अपयश घेऊन हॉटेलात एकटा होता. बार समोरच. त्याने फोन करून दुसरा पिणारा माणूस शोधला, डॉक्टर बॉब स्मिथ. पंधरा मिनिटं देतो म्हणालेले डॉक्टर काही तास बोलत बसले. बिल उपदेश करायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. म्हणून मला सहाव्या अध्यायाशी यात विरोध दिसत नाही. उठायचं स्वतःच, पण एकट्यानेच उठायचं असं तिथे कुठे म्हटलंय?

हे ख्रिस्ती लोकांचं आहे का, असं आईने विचारलं. मुळात चर्चच्या वातावरणातून आलंय खरं. पण देव ज्याला जसा समजतो तसा, असं त्यांच्या बारा पायऱ्यांतच आहे. दादाचा पांडुरंगच आहे.

श्रावणात दादा एकदा घसरला. पुढच्या मंगळवारी स्वतः जाऊन तिथे सांगून आला आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागला. आधी बाटली माळ्यावर लपायची.

घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, आणि पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

उद्या श्लोक ४२ आणि ४३.