शेवटचे दोन हात : टे नदीवरील सॅमन आणि जाळे धरणारा माणूस

अटलांटिक सॅमन हा समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परतणारा मासा असून, मुंबई-कोकणच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने जो रावस विकला जातो त्याच्याशी या माशाचे कुळ जुळत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. नदीत शिरल्यावर सॅमन जवळजवळ काहीही खात नाही, आणि तरीही प्रवाहात आडव्या सरकत जाणाऱ्या कृत्रिम माशीवर, म्हणजे पिसे व केस गुंडाळून सजवलेल्या गळावर, तो का झेपावतो याविषयी जाणकारांत एकमत नाही. कोकणात ज्याला ‘गरवणे’ म्हणतात त्या कामात भुकेल्या माशाला आमिष दाखवले जाते. येथे मात्र न खाणाऱ्या माशाला डिवचावे लागते, आणि म्हणूनच दिवसचे दिवस नदीत उभे राहूनही एकदाही ओढ न बसणे हे या छंदात नेहमीचे असते. एक मासा हातून निसटण्याचे दुःख किती मोठे असते, ते या पार्श्वभूमीवरच समजू शकते.

स्कॉटलंडमधील टे ही त्या देशातील सर्वांत लांब आणि ब्रिटनमध्ये सर्वाधिक पाणी वाहून नेणारी नदी होय. तिच्यावरील सॅमनचा हंगाम 15 जानेवारी ते 15 ऑक्टोबर असा असतो, रविवारी सॅमनसाठी गळ टाकण्यास कायद्याने बंदी आहे, आणि नदीचे ‘बीट’ या नावाने ओळखले जाणारे पट्टे दिवसाच्या भाड्याने मिळतात. अशा पट्ट्याची देखभाल करणाऱ्या आणि भाडे भरून आलेल्या पाहुण्याला जागा, माशी व पाण्याची खोली सांगणाऱ्या नोकरदार माणसाला ‘गिली’ म्हणतात. याच नदीवर 7 ऑक्टोबर 1922 रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने 64 पौंडांचा, म्हणजे सुमारे 29 किलोंचा, सॅमन दोन तासांहून अधिक झुंजीनंतर मिळवला आणि ब्रिटनमधील तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. तिच्या चिकाटीचे गोडवे सर्वत्र गायले जातात व ते योग्यच आहे. परंतु त्या वेळी तिचे वडील तिच्यासोबत नावेत होते, आणि गळाची काठी धरणारी व तिला साथ देणारा या दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता, या बाबीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव नेमका याच विश्वासाच्या अभावाचा आहे. ऑक्टोबरमधील एका संध्याकाळी, हंगाम संपण्यास थोडेच दिवस उरले असताना, मांडीभर पाण्यात उभे राहून टाकलेल्या माशीला ओढ बसली. ती झटक्यासारखी नव्हती, तर पाण्याखालचा एखादा ओंडका हळूहळू चालू लागावा तशी जड होती. अशा वेळी काठी वर उचलून हिसका देणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक असते, कारण सॅमन माशी तोंडात धरून वळतो आणि तो वळल्यावर दोर आपोआप ताणला गेला तरच गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. त्याआधी हिसका दिल्यास गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. लेखकाने हिसका दिला नाही, दोर आपण होऊन जाऊ दिला, आणि गळ नीट रुतला. त्यानंतरची पस्तीस मिनिटेही, जेथपर्यंत निर्णय एकट्याच्या हाती होते तेथपर्यंत, योग्य रीतीनेच पार पडली, असे आजही निःसंकोचपणे म्हणावेसे वाटते.

ती रीत अशी : मासा धावत असताना रीळ दाबून धरू नये. रिळावरील रोध, ज्याला ‘ड्रॅग’ म्हणतात, आधीच बेताचा लावून ठेवावा आणि माशाला त्या रोधाविरुद्ध दोर ओढत नेऊ द्यावा. मासा पाण्याबाहेर उडी घेतो तेव्हा काठीचे टोक खाली झुकवावे, म्हणजे त्याचे सारे वजन ताठ दोरावर आदळत नाही. मासा थांबला की मात्र त्याला विसावा देऊ नये. काठी उभी न धरता जमिनीला समांतर आडवी करून बाजूने ओढ द्यावी, कारण वरून ओढलेला मासा केवळ डोके उचलतो, तर बाजूने ओढलेल्याचा तोल जातो. शक्य तेवढ्या लवकर माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने पुढे, चालत जावे, जेणेकरून त्याला आपल्याशी आणि प्रवाहाशी एकाच वेळी झगडावे लागते. धीर धरावा, हेही अर्थातच आहे.

त्या संध्याकाळी मासा दमून काठाजवळ आला तेव्हा खाली वीस पावलांवर संथ पाण्याची एक खोबण होती आणि त्याला तेथे नेण्याचा मनोदय सोबतच्या गिलीला स्पष्ट शब्दांत, दोनदा, सांगितलेला होता. गिली थांबला नाही. जाळे उगारून तो थेट प्रवाहात शिरला. त्याचे पाय दिसताच मासा बिथरून पुन्हा खोल पाण्यात गेला, आणि तो दुसऱ्यांदा जवळ येताच गिलीने जाळे पाण्याखाली स्थिर न धरता शेपटीकडून फावड्यासारखे मारले. सॅमनला नेहमी डोक्याकडून जाळ्यात घ्यावे लागते, कारण घाबरलेला मासा पुढे पळतो आणि त्याचे पुढे पळणे म्हणजेच जाळ्यात शिरणे ठरते. शेपटीला स्पर्श झाल्यास तो जाळ्याबाहेर उसळतो. माशी तीन टोकांच्या गळावर, म्हणजे ‘ट्रेबल’वर, बांधलेली होती, एक टोक माशाच्या जबड्यात असताना मोकळे राहिलेले दुसरे टोक जाळ्याच्या बाहेरच्या बाजूस अडकले, आणि अर्धा कडीवर, अर्धा पाण्यात असलेल्या माशाला त्या पक्क्या आधारावर एकच गिरकी पुरेशी झाली.

मासा सुटल्याचे लेखकाला लगेच कळले नाही, कारण काठी अजून वाकलेलीच होती. दोर तसाच ताठ होता आणि दुसऱ्या टोकाला काहीतरी होतेच. त्या दोन-तीन क्षणांत मासा अजून गळालाच आहे असे वाटत राहिले, आणि मग गिलीने जाळे उचलले तेव्हा ते काठीच्या ओढीने लेखकाच्या दिशेने कलले. काठीला वाकवत होते ते जाळेच होते. माशी जाळीच्या बाहेरच्या बाजूला लोंबत होती आणि तिच्या एका टोकाला जबड्याचा पांढुरका कण होता. गिलीने ती सोडवली, तो कण बोटाने झटकून टाकला, आणि दोर सैल सोडल्यामुळे मासा गेला असे सांगितले.

हे विधान आजही मनाला लागून आहे. सैल दोराने काठी वाकत नाही, हे त्या माणसाला कोणाहीपेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. पुढे नदीकाठच्या झोपडीत इतर पाहुण्यांसमोर त्याने तो मासा ‘ग्रिल्स’ होता, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेला लहान सॅमन होता, असेही सांगितले. जाळ्याच्या कडीवर आडव्या आलेल्या त्या पाठीची रुंदी पाहणाऱ्याला हे मान्य होणे शक्य नाही. चूक कोणाच्याही हातून होते. ती झाल्याचे एक वाक्य तेथे पुरेसे झाले असते.

म्हणून या नदीवर प्रथमच जाणाऱ्याने पुढील गोष्टी पाण्यात उतरण्यापूर्वी, काठावरच, बोलून घ्याव्यात : जाळे कोण धरणार, मासा कोठे काठाला घेणार, आणि ‘आता’ हा शब्द कोण उच्चारणार. हा शब्द काठी धरणाऱ्याचाच असला पाहिजे. ट्रेबलऐवजी एकच टोक असलेला आणि उलटा काटा नसलेला गळ वापरावा, म्हणजे जाळीत अडकायला मोकळे टोकच उरत नाही व मासा सोडतानाही इजा कमी होते. जाळे मोठे, गाठी नसलेल्या जाळीचे आणि आधीच पाण्याखाली बुडवून स्थिर ठेवलेले असावे. मासा जाळ्यावर आणावा, जाळे माशावर नेऊ नये. सोबत भरवशाचा माणूस नसल्यास एकट्यानेच उथळ, संथ पाण्यात मासा घेण्याचा सराव करावा.

ही सावधगिरी केवळ पाहुण्याच्या समाधानासाठी नाही. ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची गणना डिसेंबर 2023 मध्ये जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून झाली आहे, आणि स्कॉटलंडमध्ये 31 मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडणे बंधनकारक आहे. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, आणि पाणी वीस अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले असल्यास त्यात प्राणवायू कमी असल्याने सोडलेला मासाही वाचेलच असे नसते. अशा दिवशी गळ टाकूच नये. सोडताना मासा पाण्यातच ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपूट मारून निघेपर्यंत आधार द्यावा. लेखकही तो मासा सोडणारच होता, हे गिलीला सकाळीच सांगितलेले होते.

प्रत्येक बीटवर पकडलेल्या माशांची एक वही असते. तिच्यात काठावर आलेल्या माशांचीच नोंद होते, आणि त्या तारखेसमोर गिलीने लेखकाच्या देखत शून्य लिहिले.