प्राध्यापक वर्गाबाहेर काय करतात?

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. कर्जतकडच्या एका नव्या विद्यापीठाचं माहितीपत्रक घरी आलंय. त्यात प्रत्येक प्राध्यापकाच्या फोटोखाली ‘अध्यापनाचे विषय’ वेगळे आणि ‘संशोधनाचे विषय’ वेगळे दिलेत. एकाच माणसाचे विषय दोन कसे? आणि त्या दुसऱ्या यादीचा मुलीला काय उपयोग?
— एक पालक, चौक (ता. खालापूर)

उत्तर : वेळापत्रकात जे लागतं ते अध्यापन. ज्याचं उत्तर प्राध्यापकाला स्वतःलाच अजून मिळालेलं नाही, ते संशोधन. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि त्यावरच्यांना १४ तास प्रत्यक्ष शिकवणं सांगितलंय. कामाचे तास मात्र ४० धरलेत. मधल्या तासांत तयारी, पेपर तपासणी, समित्या आणि संशोधन. (नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फाइल निघाली की यातलं काय आधी बाजूला पडतं, ते ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकाला खासगीत विचारा.)

संशोधनाचा विषय म्हणजे काय हे बघायला तुम्हाला लांब जायला नको. कर्जतलाच भात संशोधन केंद्र आहे. १९१९ पासूनचं, म्हणजे जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हाचं. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. हे विद्यापीठ १९७२ सालचं. केंद्र त्याच्याहून पन्नासेक वर्षांनी थोरलं. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही भाताच्या वाणांची नावं तुमच्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाहीत. हळवं, निमगरवं, गरवं (लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारं) असं प्रत्येक जमिनीला आणि पाण्याला जुळणारं भात हवं, हा या केंद्राचा शंभर वर्षांचा प्रश्न. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्याची गरज वेगळी आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर पावसाच्या भरवशावर बसलेल्याची वेगळी.

हे काम किती बारीक असतं बघा. भाताचं फूल स्वतःचाच पराग घेतं आणि उघडतं तेही सकाळी तासाभरापुरतं. दोन वाणांचा संकर करायचा तर आदल्या संध्याकाळी मादी म्हणून निवडलेल्या लोंबीच्या एकेका फुलाचा वरचा तुसाचा भाग कात्रीने छाटायचा, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी नर वाणाची लोंबी तिच्यावर झटकायची. एवढं करून हाती येतात मोजके दाणे. मग सात-आठ पिढ्या निवड, निरनिराळ्या केंद्रांवर चाचण्या, शेवटी शेतकऱ्यांच्या शेतावर चाचणी. नवं वाण बाहेर पडेपर्यंत दहा वर्षं सहज जातात. तोवर ज्या विद्यार्थ्याने पहिला चिमटा धरला तो नोकरीला लागून बढतीची वाट बघत असतो.

याच केंद्रातून १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ हे संकरित भात आलं. आयआर ५८०२५ए ही त्याची मादी फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची. तिचा पराग वांझ, म्हणून चिमट्याची गरज नाही. शेजारच्या नर ओळींवरून दोरी ओढली की पराग उडून तिच्यावर पडतो. हा वांझपणा आला कुठून? चीनच्या हायनान बेटावर १९७० साली सापडलेल्या एका रानभाताच्या रोपातून. ते शोधणारे युआन लाँगपिंग यांचे सहकारी होते आणि युआन स्वतः हुनान प्रांतातल्या एका आडवळणाच्या कृषिशाळेत शिक्षक होते. १९५३ पासून ते तिथे वर्गात शिकवत, पोरांना शेतावर नेत; पुढे १९६४ पासून त्यांनी संकरित भाताचा एकच प्रश्न धरून ठेवला. संकरिताची दुसरी बाजूही सांगायला हवी : घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. म्हणूनच कर्जत-३ सारखी सरळ वाणं मागे पडली नाहीत.

आता तुमच्या माहितीपत्रकाकडे येतो. कर्जत तालुक्यात जामरुंगला विजयभूमी आणि कुशिवलीला युनिव्हर्सल एआय अशी खासगी विद्यापीठं उभी राहिली आहेत. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानेच होतं. नावापुढे ‘ग्लोबल’ किंवा ‘इंटरनॅशनल’ लावल्याने कायद्याने काही वेगळं मिळत नाही. प्राध्यापकांच्या यादीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता, व्यवस्थापन, शाश्वत विकास’ असं एका ओळीत वाचलंत तर फार भुलू नका. ती क्षेत्रं झाली, प्रश्न नव्हेत. ‘पावसाच्या नोंदींवरून दरड कोसळण्याचा अंदाज’ असं कुणी लिहिलं असेल, तर त्या माणसाला भेटायला जा. इर्शाळगड तुमच्या चौकच्या माथ्यावरच आहे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून इर्शाळवाडीत काय झालं हे मी तुम्हाला सांगायला नको. असा प्रश्न घेतलेल्या प्राध्यापकाला मोजमाप करायला डोंगर समोर आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय शोधत फिरावं लागणार नाही.

मुलीला उपयोग कधी? पहिल्या वर्षी जवळजवळ नाही. तेव्हा अभ्यासक्रम सगळ्यांना सारखा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय आणि प्रकल्प आले की मार्गदर्शकाचा प्रश्नच विद्यार्थ्याचा होतो. कृषी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचं वर्गाबाहेरचं काम तर उघड दिसतं : विद्यार्थी ‘कृषिदूत’, ‘कृषिकन्या’ म्हणून गावात येऊन राहतात, बीजप्रक्रिया आणि माती परीक्षण करून दाखवतात. तुमच्याही भागात कधी ना कधी आले असतील.

यादी खरी की शोभेची, हे पडताळणं फुकट आहे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ठेवलेले असतात. प्राध्यापकाचं नाव टाका. त्यांचा स्वतःचा प्रबंध तिथे ठेवलेला असेल तर मिळेल, मार्गदर्शन केलं असेल तर विद्यार्थ्यांचेही. तरुण प्राध्यापकाच्या नावावर विद्यार्थी नसतील, त्यात गैर काही नाही. पण वीस वर्षं नोकरी झालेल्याच्या खाली दहा विषय आणि प्रबंध एकही नाही, तर फी भरण्याआधी विद्यापीठात जाऊन त्यांनाच विचारा : यातल्या कुठल्या विषयावर सध्या काम चालू आहे, आणि त्यात पदवीचे विद्यार्थी किती?