बीप वाजला म्हणजे जॉइंट झाला?

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात ओहमचा नियम लिहून मी चार मार्क मिळवले होते. तोच नियम मी सावळघाटात, श्रावणातल्या एका रात्री, बाबांच्या मागे बसून परत शिकलो. मित्रांनो, त्याचीच ही हकिकत. गाडीची वायर घरी वाढवायची असेल तर काय करावं आणि काय करू नये, तेही ओघाने येईलच.

बाबांना मानेचा त्रास. वाकून गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गाडी सोडून कसं चालेल? रोज सातपूरची कंपनी, आणि महिन्यातून दोनदा पेठ तालुक्यातलं आमचं गाव, तिथे आजी असते. मग उंच हँडल बसवलं. क्लच केबल आणि पुढच्या डिस्क ब्रेकचा पाईप लांब घ्यावा लागला. ते काम गॅरेजमध्येच केलं, आणि ते तिथेच करावं. ब्रेकच्या बाबतीत घरगुती अक्कल चालवायची नसते. राहिल्या वायरी. आमच्या गाडीत डाव्या स्विचच्या वायरी टाकीखाली जाऊन कपलरला मिळतात. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की त्या तारेसारख्या ताणल्या जायच्या. मेकॅनिक म्हणाला, "उद्या दिवसभर गाडी ठेवून जा." मी म्हणालो, "काका, घरी करतो. इलेक्ट्रिकललाच आहे मी."

घरी दाराच्या बेलची वायर उरली होती. एकच जाड तांब्याची तार असलेली. प्रत्येक वायर मध्ये कापली, दातांनी सोलली (हो, दातांनीच), वीस-वीस सेंटिमीटरचे तुकडे पिळून जोडले आणि वर काळी टेप गुंडाळली. सगळे जॉइंट एकाच जागी, नेमके हँडलच्या मानेपाशी. मग मल्टिमीटर काढला आणि एकेका वायरीला लावला. बीप, बीप, बीप. सगळं ओके! आईने चहा दिला, बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "पोराने केलं घरच्या घरी."

दोन महिने काही झालं नाही. मग पावसात गावाहून परत येताना, घाट चढताना, एका उजव्या वळणावर हेडलाईट गेला. एकदम काळोख. बाबांनी हँडल सरळ केलं, दिवा आला. पुढच्या वळणाला पुन्हा गेला. मागून टेम्पो येत होता, त्याच्या उजेडात रस्त्याची कड दिसली म्हणून आम्ही कडेला थांबू शकलो. बाबा म्हणाले, "बल्ब गेला वाटतं." त्यांनी डिपर खालीवर करून पाहिला, दोन्ही बंद. माझ्या पोटात गोळा आला. बल्बच्या दोन फिलामेंट एकदम कशा जातील? आणि हँडल सरळ केल्यावर परत कशा येतील? म्हणजे दोघींना करंट देणारी जी एक वायर डिपरला येते, तीच तुटत होती. आणि ती मी जोडली होती. एका पिकअपवाल्याने आमच्या पुढे हळूहळू चालवत आम्हाला वर आणलं. बाबांना मी तेव्हा काही बोललो नाही. घरी पोचल्यावर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या नीट कर."

दुसऱ्या दिवशी आधी पुन्हा बीप घेतला. गाडी सरळ उभी, बीप वाजला! इथेच खरा धडा आहे. मीटर बीपसाठी वायरीतून अगदी नगण्य करंट सोडतो, आणि स्वस्त मीटर तर दहा-वीस ओहम असले तरी खुशाल वाजतो. ओहमच्या रेंजवर घ्यावं तर मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रेझिस्टन्स अर्धा ओहम दाखवतो. त्यात बिघडलेला जॉइंट लपून जातो. म्हणून मोजायचं ते दिवा लागलेला असताना, जॉइंटच्या दोन बाजूंचं व्होल्टेज.

अंगणात इंजिन चालू केलं (बंद पार्किंगमध्ये करू नका, धूर कोंडतो). बॅटरीवर 13.8 व्होल्ट होते. मीटर डीसीच्या रेंजवर ठेवून एक टोक जॉइंटच्या अलीकडे, एक पलीकडे. हँडल सरळ असताना 1.4 व्होल्ट. हळूहळू उजवीकडे वळवलं, आकडा नाचला आणि एकदम पूर्ण व्होल्टेज जॉइंटवरच आलं. दिवा गुल.

आता हिशेब बघा. हॅलोजन बल्ब 35 वॉटचा, 12 व्होल्टला साधारण 2.9 अँपिअर. 1.4 भागिले 2.9, म्हणजे जॉइंटचा रेझिस्टन्स अर्धा ओहम. तिथे उष्णता 1.4 गुणिले 2.9, चार वॉट, तीही हरभऱ्याएवढ्या गाठीत आणि टेपच्या आत. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलतो, त्यामुळे सरळ रस्त्यावरसुद्धा जवळजवळ 30 टक्के उजेड कमी पडत होता. आम्हाला कळलंही नव्हतं. उलट वाढवलेल्या वायरीचं बघा. अर्ध्या स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे 0.034 ओहम. वीस सेंटिमीटरचे झाले 0.007, ड्रॉप 0.02 व्होल्ट. वायर लांब झाली म्हणून काहीच बिघडत नाही, बिघडतं ते जोडावर.

टेप सोडली तर आत तांबं हिरवं पडलेलं. बेलची एकेरी तार हँडलबरोबर रोज वाकून गाठीच्या कडेला तुटली होती. दोन टोकं नुसती टेकलेली होती, इतकंच.

नवीन काम असं केलं. आधी फोटो काढले, कारण वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. अर्थ कुठे हिरवी, कुठे काळी, कुठे काळी-पिवळी. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर ठिणग्या बघायला मिळतील. मग ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून जुळणारं कपलर, नर आणि मादी दोन्ही, आणि बारीक तारांची वाहनाची वायर आणली. 0.2 मिलिमीटरच्या 16 तारा म्हणजे अर्धा स्क्वेअर. मूळ वायर जाड असेल तर तेवढीच जाड घ्या. दोन टोकांना दोन कपलर लावून एक वेगळा तुकडाच तयार केला. कपलर जुळलं तर मूळ वायरिंग कापावंच लागत नाही. मी आधीच कापून ठेवलं होतं, त्यामुळे मला ते कापलेले भाग काढून टाकून स्विचच्या बाजूला नव्या पिना लावाव्या लागल्या.

पिना क्रिंपिंग टूलने दाबल्या, पक्कडने नाही. सोल्डर का नाही, असं आमच्या लॅबमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे तो संपतो तिथे कंपनाने तारा तुटतात. सोल्डर करायचाच तर न हलणाऱ्या जागी, आधार देऊन. आणि हीट श्रिंकची नळी जोडण्याआधी वायरीत ओवून ठेवा! मी दोनदा विसरलो. मध्येच जॉइंट घ्यावे लागले तर एकाखाली एक सरकवून घ्या, म्हणजे गाठ होत नाही. हँडलच्या मानेपाशी एकही जोड नको, तिथे फक्त सैल वळसा. एबीएस आणि इंजिनच्या सेन्सरच्या वायरींना मी हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

शेवटी इंजिन चालू, दिवा चालू, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा. मीटर 0.04 व्होल्टवर हलला नाही. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही केलंस?" जुन्या गाड्यांत हेडलाईट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. तिथे मीटर एसीच्या रेंजवर ठेवा, नाहीतर शून्य दिसेल आणि पुन्हा फसाल.