मक्त्याचे शेत आणि मालकाशी तंटा

पाडवा जवळ आला म्हणजे वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत सालगड्याचे साल पालटते, तसा मक्त्याच्या शेताचाही प्रश्न उभा राहतो. कोणी मालक मक्ता वाढवून मागतो. कोणी सांगतो की, शेत यंदा दुसऱ्यास दिले. ज्याने दोन वर्षे पऱ्हाट्या उपटून, धुरे साफ करून, घरचे शेणखत त्या जमिनीत घातले, तो एक तर रागाने मालकाच्या दारी जाऊन भांडतो, नाही तर खाली मान घालून मजुरीस लागतो. ह्या दोन्ही वाटांनी त्याचे नुकसानच होते. तिसरी वाट कोणती, हे समजण्यास थोडे मागे पाहिले पाहिजे.

भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सारा गोळा करून सरकारात भरीत असे; गाव त्याच्या मालकीचे नव्हते. सन १८६० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने अशा सारा भरणाऱ्यांस गावाची मालकी दिली व ते मालगुजार झाले. पुढे त्यांच्या जुलमास आळा घालण्याकरिता सन १८८३, १८९८ व १९२० साली कुळांचे कायदे करावे लागले. त्यांनी कुळांच्या निरनिराळ्या वर्गांस कमीअधिक संरक्षण दिले खरे, पण मालगुजाराच्या सीर जमिनीत राबणाऱ्यास त्याचा लाभ फारच थोडा झाला. नजराणा व वेठबेगार ह्या गोष्टीही कायद्याच्या अक्षराने एका दिवसात गेल्या नाहीत. अखेर ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी नष्ट झाली. त्यानंतर विदर्भाकरिता सन १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला, आणि त्यान्वये १ एप्रिल १९६१ पासून पुष्कळ कुळे कसत असलेल्या जमिनीचे मालक ठरली. ज्याचे नाव पटवाऱ्याच्या कागदांत होते, त्यास आपला हक्क सिद्ध करणे सोपे गेले. जो केवळ मालकाच्या शब्दावर शेत वाहत होता, त्याची साक्षीदार शोधता शोधता दमछाक झाली.

आजचा मालक अडून बसतो, त्याचे मूळ बहुधा ह्याच कायद्यात आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीने कसणारा मनुष्य हा कूळ मानला जातो, मग तो रोख मक्ता देवो की बटईने पीक वाटून घेवो. घरचा मनुष्य व पगारी नोकर यांस मात्र हे लागू नाही. म्हणून मालकास धाक वाटतो की, कागद केला तर शेत हातचे जाईल. हा धाक अगदीच खोटा आहे असे म्हणता येत नाही, आणि प्रत्येक मालक धनाढ्य असतो असेही नाही. नागपुरास नोकरी करणारा मुलगा अथवा चार एकरांची विधवा हीही मालकच होत. परंतु ह्या धाकापायी मक्तेदाराकडून ‘मी सालगडी आहे’ असे लिहून घेणे, किंवा कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेणे, हे सरळ असत्य आहे, व त्यास कोणीही साक्षीदार होऊ नये.

कागद नसल्याचा खरा चटका पीक बुडाल्यावर बसतो. सातबारा मालकाच्या नावाचा; त्यामुळे पीककर्ज त्यास मिळते, आणि कपाशी किंवा सोयाबीन अतिवृष्टीने गेले तर नुकसानीचे पैसेही त्याच्याच खात्यात पडतात. बियाणे, खत व घाम मात्र दुसऱ्याचा. आमच्या मते मक्त्याच्या रकमेवरून होणाऱ्या तंट्यांपेक्षा ह्या पैशावरून होणारे तंटे अधिक कडू असतात, कारण ती गोष्ट आरंभी कोणी बोललेलेच नसते. ती पेरणीपूर्वी, दोघांचा विश्वास असलेल्या दोन माणसांसमक्ष बोलून लिहून ठेवावी: मक्ता किती व कोणत्या हप्त्यांनी, पीक सर्वस्वी बुडाले तर सूट किती, भरपाई आली तर कोणाची, आणि पुढील साली शेत द्यावयाचे नसेल तर किती आधी सांगावयाचे.

नहेम्याच्या पुस्तकातील पाचवा अध्याय उपदेशकांनी ह्या प्रसंगी मंडळीस वाचून दाखवावा. दुष्काळात शेते व द्राक्षमळे गहाण पडलेल्यांची ओरड ऐकून नहेम्यास संताप आला. तथापि तो प्रथम आपल्या मनाशी विचार करून मगच सरदारांशी बोलला. त्यांनी सर्व परत देण्याचे कबूल केल्यावरही तो तेवढ्यावर थांबला नाही. याजकांस बोलावून त्याने त्यांच्याकडून शपथ घेवविली. माणसे वाईट होती म्हणूनच केवळ नव्हे. मन द्रवले असतानाच वचन पक्के करावे लागते.

मालक चांगला असेल तर कागद कशाला, असे कोणी विचारील. सन १९३६ साली महात्मा गांधी ज्या शेगावी येऊन राहिले, त्या आजच्या सेवाग्रामचे मालगुजार जमनालाल बजाज होते. असा मालक लाभणे हे त्या गावचे भाग्य. परंतु मालकाचा स्वभाव त्याच्या वारसाकडे सातबाऱ्याबरोबर जात नाही.

आता मालकाने जबरीने शेत काढून घेतले तर काय करावे? धुऱ्यावर मारामारी करू नये व रात्री जाऊन उभे पीक कापू नये. फिर्यादी असलेला मनुष्य त्यामुळे आरोपी होतो. सन १९५८ च्या कायद्याप्रमाणे तहसीलदाराच्या हुकुमावाचून मालकास कुळाकडून ताबा घेता येत नाही. कुळाने शेत सोडल्याचा राजीनामाही लेखी असून तहसीलदारासमोर पडताळलेला असावा लागतो. यास्तव अर्ज तहसीलीतच करावा, आणि तो मुदतीत करावा. वकिलास पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. सन १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्यांस अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही, परंतु स्त्रियांस व ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांस तेथे फुकट साहाय्य मिळते.

उपदेशकाने अशा तंट्यात लेखक व साक्षीदार व्हावे, एका बाजूचा पुढारी होऊ नये. मंडळीचीच जमीन मक्त्याने दिलेली असेल, तर मात्र त्याने प्रथम आपल्या घरची पावती पुस्तके उघडून पाहावीत.

मालक काहीच लिहून देत नसेल, तर मक्त्याची रक्कम रोख न देता बँकेतून द्यावी, म्हणजे पासबुकावर तिची नोंद राहील. बियाणे व खत यांची बिले स्वतःच्या नावाने घ्यावीत आणि नांगरटीची व वेचणीची मजुरी कोणास किती दिली ते वहीत तारीखवार लिहावे. ही वही व बिले डब्यात घालून घरात कोरड्या जागी ठेवावीत, आणि ती कोठे आहेत हे घरधनिणीसही ठाऊक असावे.