घामाचे मोल : कॉफीच्या व्यापारावरून एक पाठ

पीक घरात येण्यापूर्वीच ज्याने ते विकून टाकिले आहे, अशा शेतकऱ्याची स्थिती आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. घरातील धान्य संपते, मूल आजारी पडते, आणि दारी आलेला व्यापारी जो पैसा देईल तो घेऊन शेतकरी आपले उभे पीक त्याच्या हाती देतो. वजनकाटा व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा, आणि हिशेबाची वहीही त्याचीच. ह्या फेऱ्यातून सुटण्याचा एक मार्ग दूर देशीच्या कॉफी पिकविणाऱ्यांनी शोधून काढिला. त्यास ‘फेअर ट्रेड’, म्हणजे न्याय्य व्यापार, असे नाव आहे. तो मार्ग कोणता, त्यापासून लाभ काय, व तो कोठे अपुरा पडतो, ह्याचा आज विचार करू.

१. पीक आणि त्याचा भाव

कॉफीचे झुडूप लावल्यापासून फळ धरावयास तीन-चार वर्षे लागतात. आपल्या देशात कोडगू व चिकमगळूर येथे तिचे मोठे मळे आहेत, आणि महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यासही ती थोडीबहुत होते. एकाच फांदीवर काही फळे पिकलेली व काही हिरवी असतात, म्हणून पिकलेली तांबडी फळे तेवढी हाताने वेचावी लागतात. मग साल व गर काढून, बिया आंबवून, धुऊन उन्हात वाळवितात. पाच-सहा शेर फळांतून जेमतेम एक शेर बी हाती येते.

इतके श्रम गावात होतात, परंतु भाव गावात ठरत नाही. अरॅबिका नावाच्या उत्तम जातीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारावरून ठरतो. ब्राझिलात अवर्षण पडले की तो चढतो. तेथे पीक अमाप आले की तो कोसळतो. कोणत्या देशाने किती कॉफी विकावी ह्याविषयी १९६२ साली राष्ट्रांचा करार झाला होता, त्यामुळे भावास काही आधार असे. १९८९ साली ते वाटे मोडले, व २००१ साली तर पौंडाचा भाव ५० सेंटांच्याही खाली गेला. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. धान्य पेरणारा पुढील वर्षी दुसरे बी पेरू शकतो. पण ज्याने झाडे लावून चार वर्षे वाट पाहिली, त्याने काय करावे? मध्य अमेरिकेतील पुष्कळ कुटुंबे त्या वेळी मळे टाकून कामाच्या शोधात निघून गेली.

२. मेक्सिकोच्या डोंगरातील गावे

मेक्सिको देशाच्या ओआहाका प्रांतात झापोटेक, मिहे आदिकरून आदिवासी लोक डोंगरउतारावर कॉफी पिकवितात. गावोगाव फिरून ती स्वस्तात उचलणाऱ्या व्यापाऱ्यांस हे लोक ‘कोयोटे’ म्हणत. कोयोटे हा तिकडील कोल्ह्यासारखा एक वन्य पशू होय. नावावरूनच लोकांचा अनुभव कळतो. १९८० च्या सुमारास फ्रान्स व्हान डेर हॉफ नावाचे एक डच कॅथोलिक धर्मगुरु त्यांच्यात येऊन राहिले. गावकऱ्यांनी सभा भरविल्या, आपल्या दारिद्र्याची कारणे आपणच शोधिली, आणि आपल्या हाती किती पडते व मध्ये किती जिरते, ह्याचा हिशेब मांडिला. त्यातून १९८३ साली ‘उसिरी’ नावाचा त्यांचा संघ उभा राहिला. संघाने कॉफी एकत्र करून स्वतः विकण्यास आरंभ केला, आणि पुढे डोंगरातील गावांसाठी बसगाडी व शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळाही चालविली.

ह्या लोकांनी युरोपातील मित्रांपाशी दान मागितले नाही. आमच्या मालास योग्य मोल द्या, म्हणजे आम्हांस दानाची गरज पडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. व्हान डेर हॉफ व नेदरलंड्समधील सॉलिडॅरिदाद संस्थेचे निको रोझेन ह्या दोघांनी ह्यावर उपाय योजिला, आणि १९८८ च्या नोव्हेंबरात त्या देशाच्या दुकानांत ‘मॅक्स हॅवेलार’ असा शिक्का असलेली कॉफी आली. जावा बेटातील शेतकऱ्यांवर डच अमलात होणारा जुलूम उघड करणाऱ्या १८६० सालच्या एका कादंबरीचे ते नाव होय. पुढे अनेक देशांत असे शिक्के निघाले, व १९९७ साली त्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था झाली.

३. लाभ कोणते?

पहिला लाभ हा की, भावास तळ मिळतो. २०२३ च्या ऑगस्टपासून धुतलेल्या अरॅबिका कॉफीस पौंडामागे कमीत कमी १ डॉलर ८० सेंट द्यावे, असा नियम आहे. बाजारभाव ह्याहून अधिक असेल तर तोच द्यावा लागतो. २००१ साली बाजारात ५० सेंटही मिळत नव्हते, तेव्हा ह्या रीतीने विकणाऱ्या संघांस १ डॉलर २६ सेंट मिळत होते.

दुसरा लाभ हा की, पौंडामागे आणखी २० सेंट संघाच्या सामायिक निधीत येतात. त्यांचा विनियोग सभासद सभेत ठरवितात. मात्र त्यांतील निदान ५ सेंट पीक व त्याची प्रत सुधारण्याकडे लाविले पाहिजेत.

तिसरा लाभ हा की, संघाने मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेपैकी शेकडा ६० पर्यंत आगाऊ देण्याची सोय आहे. आरंभी सांगितलेल्या शेतकऱ्याची आठवण करा, म्हणजे ह्या एका नियमाची किंमत ध्यानी येईल.

चौथा लाभ पैशांत मोजता येत नाही. जो काल वहीवर अंगठा उठवून मुकाट्याने निघून जात असे, तो आज सभेत उभा राहून हिशेब विचारतो.

४. मर्यादा कोणत्या?

खरे तेच सांगावे, म्हणून हेही लिहिणे प्राप्त आहे. अनेक संघांस आपल्या मालाचा काही भागच न्याय्य व्यापाराच्या भावाने विकता येतो, कारण तसे गिऱ्हाईक पुरेसे नसते; उरलेला माल बाजारभावाने जातो. तपासणी व शिक्का ह्यांसाठी फी भरावी लागते. शिवाय मोलमजुरीने फळे वेचणाऱ्यांस हा लाभ पोहोचतोच असे नाही. लंडन येथील अभ्यासकांनी इथियोपिया व युगांडा ह्या देशांत केलेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली; तीत अशा संघांच्या प्रदेशातील मजुरांची स्थिती इतर ठिकाणच्या मजुरांहून बरी आढळली नाही, उलट मजुरी पुष्कळदा कमीच दिसली. ज्याने स्वतः न्याय मागितला, त्याने आपल्या मजुरास तो देणे विसरू नये.

आणखी एक कसोटी तेजीच्या काळात लागते. २०२५ च्या फेब्रुवारीत पौंडाचा भाव ४ डॉलरांच्या वर गेला. अशा वेळी बाहेरचा व्यापारी रोख पैसे घेऊन दारी येतो, व संघास वचन दिलेला माल त्याच्या हाती देण्याचा मोह सभासदास होतो. परंतु माल न मिळाल्याने संघ मोडला, तर मंदी परत येईल तेव्हा शेतकरी पुन्हा एकटाच उभा असेल.

५. आपणांस बोध

कॉफी पिणारे आपल्यात थोडे, व पिकविणारे त्याहून थोडे. तथापि कापूस असो, सोयाबीन असो वा कांदा असो, प्रश्न तोच आहे. शिक्का हे बाहेरचे चिन्ह होय. त्याच्या आत तीन गोष्टी आहेत : खरे वजन, सर्वांसमोर उघडी वही, आणि मंदीत व तेजीत सारखेच पाळलेले वचन. ह्या तीन गोष्टींचा आरंभ कोणत्याही गावास आजच करिता येईल.

सायंकाळच्या वर्गासाठी प्रश्न

१. भाव पडला तरी कॉफीच्या शेतकऱ्यास पीक लगेच का बदलता येत नाही?
२. ओआहाकातील लोकांनी दान न मागता मोल का मागितले?
३. आपल्या गावात पीक हाती येण्यापूर्वी कोण विकतो, आणि कोणत्या गरजेपायी?
४. आपल्या शेतावरील मजुराचा हिशेब आपण त्याच्यासमोर उघडा ठेवितो काय?